आजीबाईंस लिहिलेली पत्रे : पंडिता रमाबाई आणि कॅथॉलिक परंपरा

वऱ्हाडातील ख्रिस्ती समाजाचे मराठी लक्षपूर्वक ऐकणाऱ्यास एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. एकाच शहरातील दोन ख्रिस्ती कुटुंबे एकाच प्रभूविषयी बोलत असतात, परंतु त्यांचे शब्द वेगळे असतात. एका घरी ‘मिस्सा’ म्हणतात, दुसऱ्या घरी ‘उपासना’. एका घरी ‘फादर’ येतात, दुसऱ्या घरी ‘पाळकसाहेब’. अमरावतीचा कॅथॉलिक धर्मप्रांत १९५५ साली नागपूरच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला. अकोल्यास त्याच्या कितीतरी आधीपासून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी प्रॉटेस्टंट संस्थेचे मोठे केंद्र होते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र हा भेद बहुधा पुसला जातो. ‘मिशनरी वाङ्मय’ अथवा ‘ख्रिस्ती वाङ्मय’ असे एकच प्रकरण लिहून अभ्यासक मोकळा होतो, आणि या दोन परंपरांनी एकमेकींकडे कोणत्या नजरेने पाहिले हा प्रश्न उपस्थितच होत नाही.

हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा असता तर मराठी विभागाच्या पत्रिकेत त्याचा विचार करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु मराठीत लिहिणाऱ्या एका थोर लेखिकेच्या मनात हा प्रश्न आयुष्यभर वावरत होता, आणि तिच्या लेखनाची व कार्याची घडण त्यावाचून नीट उलगडत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ही लेखिका म्हणजे पंडिता रमाबाई. कॅथॉलिक वळणाच्या धर्मजीवनाविषयी त्यांना वाटलेला आदर आणि त्याविषयी त्यांनी घेतलेली शंका या दोहोंचा एकत्र विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक खुलासा अवश्य आहे. रमाबाईंचा निकटचा संबंध आला तो रोमच्या चर्चशी नव्हे. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेज येथे ज्या भगिनीमंडळात उतरल्या, ते सेंट मेरी द व्हर्जिन या नावाचे मंडळ अँग्लिकन चर्चमधील होते. १८३३ पासून ऑक्सफर्ड येथे जी धर्मचळवळ सुरू झाली, तिने अँग्लिकन चर्चला त्याच्या प्राचीन कॅथॉलिक वारशाची आठवण करून दिली. त्या चळवळीचे एक अग्रणी जॉन हेन्री न्यूमन १८४५ साली रोमच्या चर्चमध्ये गेले; जे मागे राहिले त्यांनी अँग्लिकन चर्चच्या आतच संस्कारांचे माहात्म्य, पापनिवेदन, प्रेषितांपासून चालत आलेली धर्माधिकाऱ्यांची परंपरा आणि व्रतस्थ जीवन या गोष्टींचे पुनरुज्जीवन केले. वाँटेजचे मंडळ १८४८ साली तेथील धर्मगुरू विल्यम जॉन बटलर यांनी स्थापिले. त्याची शाखा १८७७ पासून पुण्यास होती. पुण्याच्या सामाजिक इतिहासात १८९० च्या चहाच्या प्रसंगामुळे आणि त्यानंतरच्या ग्रामण्यामुळे गाजलेले पंचहौद मिशन याच परंपरेतील होय. तेव्हा रमाबाईंना कॅथॉलिक परंपरा भेटली ती या अँग्लिकन वेषात. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांची श्रद्धा ज्या रीतीने पालटली, तीमुळे त्या निःसंशय प्रॉटेस्टंट, किंबहुना त्यातील सुवार्तावादी पंथाच्या झाल्या. परंतु या पालटाच्या आधीच, वाँटेज व चेल्टनहॅम येथील वास्तव्यात, आदर आणि शंका यांचा झगडा त्यांच्या मनात मांडला गेला होता.

या झगड्याची साधने दोन आहेत, आणि त्यांचे स्वरूप नीट ध्यानी घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. पहिले साधन म्हणजे रमाबाईंचा पत्रव्यवहार. तो वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी जमविला आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली मुंबईस प्रसिद्ध झाला. दुसरे म्हणजे १९०७ साली रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेली आत्मसाक्ष. पत्रे त्या त्या क्षणी लिहिलेली आहेत, पण ती जतन झाली वादातील प्रतिपक्षाच्या हातून. आत्मसाक्ष स्वतःच्या हातची आहे, पण ती चोवीस वर्षांनंतरची आहे. पत्रांत शंकेचा स्वर प्रखर आहे, तर आत्मसाक्षीत आदराचा. सामान्यतः अपेक्षा उलट असावयाची. ज्यांच्या घरी राहावयाचे, ज्यांचे अन्न खावयाचे, त्यांना लिहिताना मनुष्य आदर दाखवितो आणि दूर गेल्यावर शंका बोलून दाखवितो. रमाबाईंनी नेमके याच्या विरुद्ध केले. आश्रयदात्यांस तोंडावर शंका सांगितली आणि त्यांच्याकडून काहीही मिळवावयाचे उरले नाही तेव्हा त्यांचे ऋण लिहून ठेवले. या दोन्ही साक्षी म्हणूनच विश्वसनीय ठरतात.

प्रथम आदराचा विचार करू. आत्मसाक्षीतील फुलहॅमचा प्रसंग सर्वश्रुत आहे. भगिनींनी रमाबाईंना लंडनजवळील फुलहॅम येथील आपले काम दाखविण्यास नेले. समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकले अशा स्त्रियांना तेथे आश्रय दिला जात असे, आणि त्यांतील काही जणी पुढे स्वतःच दुसऱ्यांची सेवा करू लागल्या होत्या. रमाबाईंना या दृश्याने विलक्षण हलविले. आपल्या देशात अशा स्त्रीविषयी शास्त्राने शिक्षा सांगितली आहे, समाजाने बहिष्कार सांगितला आहे, पण तिला जवळ घेण्याची आज्ञा कोणी केली असे त्यांच्या पाहण्यात नव्हते. या दयेचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चवथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली.

या प्रसंगाचे विवेचन करताना भक्तिभावाने लिहिलेली चरित्रे शोमरोनी स्त्रीच्या कथेवर थांबतात आणि ती योग्य रीतीनेच महत्त्वाची मानतात. परंतु क्रम पाहावा. आधी काम दिसले, मग प्रश्न उद्भवला, आणि त्यानंतर ग्रंथ उघडला गेला. रमाबाई ग्रंथात वाढलेल्या होत्या. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या आईवडिलांसमवेत तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडलेली. १८७८ साली कलकत्त्यास ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळविलेली. नव्या ग्रंथाने त्यांचे मन एकदम जिंकले जाणे शक्य नव्हते. ग्रंथाला ग्रंथाने उत्तर देणे हा तर त्यांच्या हातचा मळ होता. जे त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते ते म्हणजे एका व्रतस्थ स्त्रीसमुदायाने रोजच्या रोज, नेमाने, कोणाच्या वाहवेची अपेक्षा न ठेवता टाकलेल्या स्त्रीची केलेली शुश्रूषा. म्हणजे रमाबाईंचा आदर जडला तो सिद्धांतावर नव्हे, एका जीवनपद्धतीवर. आणि ती जीवनपद्धती कॅथॉलिक परंपरेची होती. प्रॉटेस्टंट सुधारणेने सोळाव्या शतकात मठ मोडले. व्रतस्थ स्त्रियांचे समुदाय इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये पुन्हा दिसू लागले ते ऑक्सफर्ड चळवळीनंतर. रमाबाई वाँटेजऐवजी एखाद्या कडव्या सुवार्तावादी मंडळीच्या घरी उतरल्या असत्या तर त्यांना प्रवचने पुष्कळ ऐकावयास मिळाली असती, पण फुलहॅम दिसले असते की नाही याची शंका आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी आपली कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. लौकरच दुसरी बाजू वर आली. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत व शिकवीत होत्या. तेथील प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी आणि सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालला होता. या पत्रव्यवहारात चर्चेचे विषय लहानमोठे आहेत, परंतु प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच आहे : माझ्या आणि देवाच्या मध्ये उभे राहून निर्णय सांगण्याचा अधिकार कोणाचा?

पहिले उदाहरण क्रॉसवरील अक्षरांचे. भारतीय भगिनींनी धारण करावयाच्या क्रॉसवर लॅटिन शब्द असावेत, असा मंडळाचा प्रघात. रमाबाईंनी विचारले की, आमच्या जुन्या संस्कृतात नसलेले असे लॅटिनमध्ये काय आहे? वरवर पाहता हा भाषाभिमानाचा प्रश्न दिसतो. परंतु ज्या मुलीने स्त्रियांस निषिद्ध मानलेल्या भाषेचे अध्ययन बापाच्या धैर्यामुळे केले, तिच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा होतो. लोकांना न कळणारी एक पवित्र भाषा, तिचे रक्षण करणारा एक वर्ग, आणि त्या वर्गापुढे मान तुकविणारे इतर जन, ही रचना त्यांनी एकदा पाहिली होती. फक्त भाषेचे नाव बदलले म्हणून ती रचना त्यांना नवी वाटली नाही.

दुसरे उदाहरण १८८५ सालचे. रमाबाईंनी इंग्लंडमध्ये तरुण पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे, असा विचार निघाला. भारतातील बिशपांनी त्यास हरकत घेतली. अशाने स्वदेशी परतल्यावर त्यांच्या प्रतिष्ठेस बाध येईल, असे त्यांचे म्हणणे पडले. रमाबाईंच्या उत्तरात आश्चर्य आणि संताप दोन्ही आहेत. माझ्या सनातनी पित्याने किंवा माझ्या पतीने पुरुषांना शिकविण्यास कधी मनाई केली नाही, आणि स्वातंत्र्याचा धर्म म्हणविणाऱ्यांनी ती करावी, हे त्यांना समजेना. धर्माधिकाऱ्यांनी आपल्या देशाच्या रीतिरिवाजांविषयी आपल्यालाच ज्ञान सांगावे, यातील विसंगती त्यांनी सरळ दाखवून दिली.

तिसरे उदाहरण सिद्धांतांचे. त्रैक्याचा सिद्धांत, कुमारीपासूनचा जन्म, अथनेशियन मतांगीकार यांविषयी रमाबाईंनी प्रश्न काढले. चर्च शिकविते म्हणून ते खरे, हे प्रमाण त्यांना पुरेसे वाटेना. ख्रिस्ताच्या शिकवणीशी ते जुळते की नाही हे स्वतः पाहिल्यावाचून मी ते स्वीकारणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. एका पुरोहितवर्गाचे जू महत्प्रयासाने मानेवरून उतरविले, आता दुसरे चढवून घेण्याची माझी तयारी नाही, या आशयाचे त्यांचे उद्गार याच काळातील आहेत. सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. रमाबाई मांसान्न घेत नाहीत हेही त्यांना जुन्या जातिसंस्काराचे अवशेष वाटत असे. मनोरमेस काय शिकवावे, कोणी शिकवावे, यावरून तर दोघींचा तीव्र मतभेद झाला.

आणि तरीही या पत्रांचा आरंभ पाहावा. अमेरिकेस गेल्यावरही रमाबाई सिस्टर जेराल्डिन यांना ‘आजीबाई’ असे संबोधितात. इंग्रजी मजकुरात हा मराठी शब्द जसाच्या तसा येतो. मराठी घरात नात आजीशी वाद घालते, तिचे सोवळे मानीत नाही, पण तिला आजी म्हणणे सोडीत नाही. ‘आई’ म्हटले असते तर आज्ञाधारकपणा आला असता. मठाच्या शिष्टाचाराप्रमाणे ‘मदर’ म्हणणे तर मठाचा अधिकार मान्य करणे झाले असते. ‘आजीबाई’ या शब्दाने नाते राखले आणि अधिकार नाकारला. रमाबाईंच्या मनःस्थितीचे इतके नेमके वर्णन त्यांच्या कोणत्याही तात्त्विक विधानात सापडत नाही.

या पत्रव्यवहाराचे विवेचन अलीकडील अभ्यासकांनी पुष्कळ केले आहे. उमा चक्रवर्ती आणि गौरी विश्वनाथन या दोघींचे ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाले. विश्वनाथन यांनी रमाबाईंच्या शंकांमध्ये साम्राज्याच्या धर्मसत्तेस दिलेले आव्हान पाहिले. हे निरीक्षण मार्मिक आहे आणि त्याने जुन्या चरित्रांतील एकांगीपणा दूर झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु एवढ्याने भागत नाही, असे आमचे नम्र मत आहे. प्रतिकार हाच ज्या वाचनाचा केंद्रबिंदू, त्या वाचनात आदर हा केवळ परिस्थितीचा भाग ठरतो. परावलंबी स्त्रीने दाखविलेली कृतज्ञता म्हणून त्याची वासलात लागते. १९०७ साली रमाबाई परावलंबी नव्हत्या. केडगाव येथे मुक्ती मिशन उभे होते, जगभरचे प्रॉटेस्टंट त्यांस साह्य करीत होते, आणि त्या साह्यकर्त्यांपैकी पुष्कळांना मठ, व्रते आणि भगिनी यांचे नाव काढलेलेही खपणारे नव्हते. त्या स्थितीत फुलहॅमच्या भगिनींचे ऋण जाहीरपणे लिहिणे सोयीचे नव्हते. तरी ते लिहिले गेले. यावरून तो आदर परिस्थितीने निर्माण केलेला नव्हता, हे सिद्ध होते.

मग आदर आणि शंका यांचा मेळ कसा घालावयाचा? आमच्या मते दोहोंचे मूळ एकच आहे, आणि ते इंग्लंडात नसून रमाबाईंच्या पूर्वायुष्यात आहे. शास्त्रांत इतर विषयांवर कितीही मतभेद असोत, स्त्रिया व शूद्र यांना मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नाही याविषयी मात्र सर्वांचे ऐकमत्य आहे, असा अनुभव आत्मसाक्षीत नमूद आहे. तारण आहे, पण त्याच्या दाराशी रखवालदार बसला आहे. हे त्यांच्या तारुण्यातील दुःख. फुलहॅम येथे त्यांना दिसले की, सर्वांत बाहेर टाकलेल्या स्त्रीसाठी दार उघडे आहे. म्हणून आदर. चेल्टनहॅम येथे त्यांना दिसले की, दाराशी पुन्हा कोणीतरी बसला आहे आणि तो लॅटिन बोलतो. म्हणून शंका. दोन्ही प्रसंगी पाहणारी दृष्टी एकच होती. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले, तेही रखवालदाराचा प्रश्न हाच खरा प्रश्न असे ओळखून, असे म्हणावयास हरकत नाही.

हीच गोष्ट तुलनेने अधिक स्पष्ट होते. नीलकंठशास्त्री, अर्थात फादर नेहेम्या गोऱ्हे हे रमाबाईंच्या धर्मांतरामागील एक महत्त्वाचे नाव. त्यांच्या पत्रांचा व लेखनाचा रमाबाईंच्या विचारावर परिणाम झाला. १८२५ साली जन्मलेले हे चित्पावन शास्त्री वाराणसीस वाढले, १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘षड्दर्शनदर्पण’ या ग्रंथात सहा दर्शनांचे खंडन केले. त्यांचा प्रारंभ सुवार्तावादी प्रॉटेस्टंट मिशनमध्ये झाला, परंतु पुढे ते उच्च चर्चच्या बाजूस झुकले आणि १८७६ साली कौली येथील व्रतस्थ पाद्री मंडळात नवशिष्य म्हणून राहिले. १८९५ साली ते वारले. रमाबाई ज्या वाटेने परत फिरल्या, त्याच वाटेने गोऱ्हे पुढे गेले होते. दोघेही शास्त्री घराण्यातील, दोघेही शंकाशील. फरक असा की, गोऱ्हे यांना ग्रंथाधिकार कधी नाकारला गेला नव्हता. वादात जिंकण्याची शक्ती असलेल्या त्या पंडिताला वादाचा शीण आला असावा. वाद संपविणारे असे एक प्राचीन, अखंड प्रमाण त्याला हवे होते, आणि ते कॅथॉलिक परंपरेत त्याला सापडले. ज्याला दार नेहमीच उघडे होते त्याला घराच्या भिंती भक्कम हव्या वाटल्या. जिला दार बंद होते तिला भिंतींचाच संशय आला. हे अनुमान आहे, प्रमाणित सिद्धांत नव्हे. परंतु दोघांच्या वाटा एकमेकांस ओलांडून गेल्या त्याचे याहून बरे स्पष्टीकरण आम्हास सुचत नाही.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. आदर सेवेविषयी आणि शंका अधिकाराविषयी, अशी वाटणी करता येते काय? फुलहॅमची सेवा एका दिवसाच्या उमाळ्याने चालत नव्हती. तिच्या मागे आज्ञापालनाचे व्रत होते, ठरलेल्या वेळांची प्रार्थना होती, स्वतःची इच्छा बाजूस ठेवण्याची शिस्त होती. सिस्टर जेराल्डिन ज्या आज्ञापालनाची अपेक्षा रमाबाईंकडून करीत होत्या, त्याच आज्ञापालनाच्या बळावर ती सेवा उभी होती. फळ पाहिजे आणि मूळ नको, असे रमाबाईंचे झाले की काय, हा आक्षेप घेता येतो. आणि सिस्टर जेराल्डिन यांच्या बाजूने पाहता तो अगदीच चुकीचा नाही. त्यांच्या स्वभावातील कठोरपणा मान्य करूनही, आपल्या जीवनाचा आधार असलेली गोष्ट पाहुणीने सहज नाकारावी याचे त्यांना झालेले दुःख खरे होते.

या आक्षेपास रमाबाईंनी शब्दांनी उत्तर दिले नाही. त्यांचे उत्तर केडगाव येथे आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन सुरू झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा आणल्या. १८९८ साली मुक्ती सदनाची प्रतिष्ठापना झाली. आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांपर्यंत गेली. या वसाहतीची घडण पाहावी. एकत्र राहणी, साधी वस्त्रे, ठरलेल्या वेळी प्रार्थना, शेती, विणकाम, छापखाना, आणि प्रार्थनेच्याच बरोबरीने अंगमेहनतीस मान. तेथेच ‘कृपासदन’ या नावाचा एक विभाग होता आणि तो समाजाने पतित मानलेल्या स्त्रियांसाठी होता. फुलहॅम केडगावास आले, असे याचे वर्णन करावयास काय हरकत आहे? व्रते नव्हती, मुली विवाह करीत, शिक्षिका होऊन बाहेर जात. दीक्षित धर्मगुरूची परंपरा नव्हती. परंतु स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालविलेल्या, प्रार्थना व श्रम यांनी बांधलेल्या समुदायाची कल्पना प्रॉटेस्टंट मिशनच्या नेहमीच्या साच्यातील नव्हे. तिथे ‘मिशन’ म्हणजे शाळा, दवाखाना, पाद्री व त्याचे कुटुंब. रमाबाईंनी ती कल्पना जेथून घेतली ते स्थळ त्यांनीच आपल्याला सांगून ठेवले आहे.

मुक्तीमध्ये अधिकार नव्हता असे मात्र नाही. तो रमाबाईंचा होता. आश्रमातील मुलींना तेथे धर्मविषयक शंका काढण्यास किती मोकळीक होती, चेल्टनहॅममधील रमाबाईंसारखी एखादी विद्यार्थिनी केडगावात निघाली असती तर तिचे काय झाले असते, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. १९०५ साली मुक्तीत जी पुनरुज्जीवनाची लाट उसळली, तीत पवित्र आत्म्याचा अनुभव प्रत्येकीस थेट, कोणाच्याही मध्यस्थीवाचून मिळतो यावर भर होता. कॅथॉलिक संस्कारव्यवस्थेपासून हे टोकाचे अंतर होय. रखवालदार पूर्णपणे नाहीसा झाला. परंतु ज्या आश्रमात सर्वांनी एकाच प्रकारचा अनुभव घ्यावा अशी अपेक्षा वातावरणातच असते, तेथे अधिकार अदृश्य होतो, संपत नाही. रमाबाईंच्या शंकेची ही मर्यादा समीक्षकाने सांगावी. त्यामुळे त्यांचा मोठेपणा उणावत नाही.

भाषेच्या बाबतीतही हीच गाठ दिसते. क्रॉसवर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या रमाबाईंनी उत्तरायुष्यात बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून ते ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या आपल्या मृत्यूच्या अगदी आधीपर्यंत पुरे केले, आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीस ते कळावे हा त्यांचा हेतू. म्हणून संस्कृतप्रचुर आणि हिंदू धर्मकल्पनांची छटा असलेले शब्द त्यांनी टाळले. लॅटिनविरुद्ध संस्कृत मागणारी लेखिका अखेर संस्कृतविरुद्ध साधे मराठी मागू लागली. यात विसंगती नाही. पवित्र भाषेचा पहारा तिला कोणत्याच दाराशी नको होता. मात्र याचीही किंमत होती. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी ओवी आणि पौराणिक शब्दकळा निःसंकोच हाती घेतली, आणि त्यामुळे त्या ग्रंथाला जी रसवत्ता आली ती मुक्ती छापखान्याच्या बायबलास नाही. देशी रूप स्वीकारण्याचे हे औदार्य त्या काळच्या कॅथॉलिक परंपरेत दिसते. त्याच परंपरेच्या छायेखाली गोव्यात धर्मसमीक्षणाचे न्यायासन चालत होते हेही विसरता येत नाही. एका पुराणिकाच्या कन्येने पुराणाचा घाट टाकून द्यावा आणि एका इंग्रज जेझुइटाने तो उचलावा, हा योग मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मननीय आहे.

लेखाच्या आरंभी वऱ्हाडातील दोन बोलींचा उल्लेख केला. अकोल्यात व पुढे मुंबईत काम केलेल्या जेनी फुलर यांचे भारतीय स्त्रियांच्या हालअपेष्टांविषयीचे इंग्रजी पुस्तक १९०० साली निघाले, त्यास प्रस्तावना रमाबाईंची आहे. म्हणजे आपल्या अकोल्याच्या प्रॉटेस्टंट मिशनचा आणि केडगावचा संबंध शब्दशः छापील पानावर आहे. परंतु त्या पानामागे फुलहॅमच्या भगिनी उभ्या आहेत, हे अकोल्याच्या अभ्यासकास सहसा जाणवत नाही. आणि अमरावतीच्या कॅथॉलिक वाचकास रमाबाई ‘दुसऱ्या बाजूच्या’ वाटतात. आपल्या विद्यार्थ्यांनी या दोन्ही समाजांतील प्रार्थनापुस्तके, गीतसंग्रह आणि तोंडी परंपरा एकत्र ठेवून अभ्यासल्या तर शब्दांच्या भेदामागील आदर व शंका यांचा इतिहास हाती लागण्याजोगा आहे.

एका परंपरेतील चांगुलपण मनापासून मान्य करावे आणि तिच्या अधिकारापुढे मान तुकवू नये, ही भूमिका सुखाची नसते. ज्यांचा आदर वाटतो ते दुखावले जातात, आणि ज्यांच्या बाजूस आपण उभे राहतो त्यांना आपला आदर संशयास्पद वाटतो. रमाबाईंनी ही अडचण सोडविली असे म्हणता येत नाही. त्यांनी ती चोवीस वर्षे लपविली नाही, एवढे निश्चित म्हणता येते. सिस्टर जेराल्डिन यांनीही ती पत्रे, स्वतःविरुद्धचे त्यांतील कठोर शब्द न वगळता, जपून ठेवली. आज त्या वादाविषयी आपणास जे काही ठाऊक आहे, ते आजीबाईंनी राखले म्हणून.